फुटक्या माठाला बागेत मान

आपल्या सीमाभागात दोन भाषा एकाच चुलीवर शिजतात, त्यामुळे दोन्हीकडच्या म्हणी आपल्या तोंडात बसलेल्या असतात. कन्नडमध्ये म्हणतात, ‘हित्तल गिड मद्दल्ल’, म्हणजे परसातले झाड औषधाला चालत नाही. आपण मराठीत म्हणतो, ‘पिकते तिथे विकत नाही.’ झाडाची जी गत, तीच घरातल्या जुन्या वस्तूंची. दुकानातली रंगीत कुंडी डोळ्यांत भरते. आणि माळ्यावरचा माठ, घरावरून उतरवलेली कौले, गळका डबा मात्र भंगारवाल्याची वाट बघत पडून राहतात.

‘टाकाऊतून टिकाऊ’ ही हौस आता घरोघरी पोचली आहे. हौस चांगलीच, पण कधी कधी तिच्यापायी बागेची अडगळीची खोली होते. एका कोपऱ्यात रंगवलेले टायर, दुसऱ्यात बाटल्या, मध्येच जुनी किटली आणि त्या सगळ्यांत मान टाकलेले एक जास्वंदीचे रोप! म्हणून या आठवड्यात थोडे लांबच्या, पण आपल्यासारख्याच एका सीमेवरच्या गावाकडे पाहू. ते गाव म्हणजे बुऱ्हाणपूर.

भुसावळहून खांडव्याकडे जाताना तापीकाठी हे शहर लागते. २००३ साली त्याचा वेगळा जिल्हा झाला. राज्य मध्य प्रदेश, शेजार मात्र आपल्या जळगाव जिल्ह्याचा. त्यामुळे हिंदी, मराठी, उर्दू अशा तिन्ही भाषा तिथे नांदतात. इचलकरंजीसारखीच यंत्रमागांची खडखड आणि शिवारात केळीच केळी. उन्हाळा मात्र असा, की आपला बेळगावकर माणूस दुपारी घराबाहेर पाऊल टाकणार नाही.

अशा गावात बाग जगवायची तर आधी पाण्याचा विचार करावा लागतो. बुऱ्हाणपूरने तो चारशे वर्षांपूर्वी केला. १६१५ च्या सुमारास, मोगल अमलात, सातपुड्याकडून झिरपणारे पाणी जमिनीखालच्या बोगद्यात गोळा करून नुसत्या उताराच्या जोरावर शहरात आणले गेले. बोगद्यावर विहिरींसारख्या शंभरावर कुंड्यांची ओळ आहे. हाच तो कुंडी भंडारा. ना पंप, ना मोट. २०२४ साली युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत त्याचे नाव गेले. तापीपलीकडे झैनाबादला आहूखान्याची बाग होती. मुमताजमहल १६३१ साली बुऱ्हाणपुरात वारली, तेव्हा आग्र्याला नेण्यापूर्वी तिचे दफन तिथेच झाले होते. मोगलांच्या बागांत शोभा असायची ती वाहत्या पाण्याची आणि सावलीची. आपल्या दहा बाय दहाच्या परसालाही हाच हिशेब लागू पडतो. जी वस्तू बागेत आणायची, तिने आधी काम करावे. शोभा मागून येते.

पहिला मान माठाचा. मडके हा शब्द कन्नड आणि मराठी दोन्हीकडे जवळजवळ सारखाच, आणि त्याचा उपयोगही. कान तुटलेला, गळ्याशी टवका उडालेला, पण बूड शाबूत असलेला माठ घ्या आणि गळ्यापर्यंत जमिनीत पुरा. पाणी भरा, वर झाकण ठेवा. भाजलेल्या मातीच्या बारीक छिद्रांतून पाणी हळूहळू झिरपते. भोवतालची माती कोरडी झाली की जास्त ओढून घेते, ओली असली की कमी. भोवती मिरची, वांगी, झेंडू लावला तर मुळे आपणहून माठाकडे वळतात. चीनमध्ये दोन हजार वर्षांपूर्वीच्या शेतीविषयक ग्रंथात ही रीत सांगितलेली आहे.

मात्र एक परीक्षा आधी करावी. ज्या माठात पाणी गार होत नाही, त्याची छिद्रे क्षारांनी बुजलेली असतात. असा माठ बाहेरून काथ्याने खसखसा घासा, पाणी भरून दोन-तीन तास ठेवा. बाहेरून ओलसर झाला तर पुरायला योग्य. नाही झाला तर त्याच्या बुडाला भोक पाडून कुंडी करा. अगदीच फुटला असेल तर खापऱ्या जपून ठेवा. कुंडीच्या भोकावर एक बाकदार खापरी ठेवली की माती वाहून जात नाही आणि पाणीही तुंबत नाही.

दुसरा मान कौलांचा. १८६५ साली बासेल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि पुढे ती लाल कौले आपल्या घरांवर आली. आता स्लॅब पडतात आणि कौले उतरतात. कौल म्हणा की हंचु म्हणा, ते अर्धे जमिनीत उभे रोवून वाफ्याची कड करा. पावसाची माती अडते, वाट आखली जाते आणि लाल रेघेने अंगण कसे देखणे दिसते बघा.

बुऱ्हाणपूरच्या शिवारातून शिकावे असे आणखी एक म्हणजे केळीचा बुंधा. केळीचे झाड एकदाच घड देते, मग ते कापावे लागते. घड बाजारात जातो, बुंधा शिल्लक राहतो. त्याचा धागा काढून टोपल्या, पिशव्या करता येतात. पण परसातही त्याचा उपयोग आहे. आडव्या ठेवलेल्या बुंध्याला वरून चौकोनी खाचा पाडून त्यात माती-खत भरावे आणि मेथी, कोथिंबीर, पालक लावावा. बुंध्यात पाण्याचा साठा असतो, त्यामुळे शिंपण कमी लागते. दोन-तीन महिन्यांनी बुंधा कुजला की त्याचेच खत होते. ही कुंडी फेकावी लागतच नाही!

यंत्रमागाच्या गावात चिंध्यांना तोटा नाही. सुती चिंधी झाडाच्या बुडाशी पसरून वर पाचोळा घातला की ओल टिकते आणि चिंधी मातीत मिसळून जाते. पॉलिस्टर मात्र मातीत जात नाही. ओळखायचे कसे? एक दोरा चिमट्यात धरून जाळून पाहा. कागदासारखा वास आणि भुरभुरीत राख राहिली तर सुती. वितळून कडक मणी झाला तर कृत्रिम. कृत्रिम चिंधीची दोरी वळा आणि वेल बांधायला वापरा.

आता थोडे कडू बोलते. बागेतले टायर, डबे, करवंट्या यांत पावसाचे पाणी साचले की डेंग्यूच्या डासाला आयते पाळणाघर मिळते. हा डास स्वच्छ साचलेल्या पाण्याच्या काठाला अंडी घालतो. ती अंडी कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने जिवंत राहतात आणि पाणी मिळताच फुटतात. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून प्रत्येक डब्याला बुडाशी भोक हवेच आणि आठवड्यातून एक दिवस साचलेले पाणी ओतून भांड्याची आतली बाजू घासायला हवी. टायरला भोके पाडायची तयारी नसेल तर टायर घरात आणूच नये. पुरलेल्या माठावरचे झाकणही याचसाठी.

जुन्या ऑइलपेंटचे डबे आणि रंग उडालेल्या जुन्या खिडक्या-दारे यांच्याबाबतही सावध राहा. घरगुती रंगातले शिसे ९० पीपीएमच्या वर नसावे, असा नियम आपल्या देशात नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगात ते किती असेल, सांगता येत नाही, आणि लहान मुलांच्या मेंदूला शिसे घातक असते. अशा वस्तूंत भाजी लावू नये, त्यांचा रंग खरवडू नये. आणि पत्र्याचा डबा उन्हात तापून मुळे भाजतो. त्याला बाहेरून चुना लावा, गोणपाट गुंडाळा किंवा सावलीत टांगा.

राहता राहिली शोभा. चंडीगडला नेक चंद नावाचे रस्ते निरीक्षक होते. १९५७ पासून त्यांनी फुटक्या बांगड्या, कपबश्या, फरश्या गोळा करून जंगलातल्या जागेत गुपचूप एक नगरीच उभी केली. १९७६ साली ती रॉक गार्डन म्हणून लोकांसाठी उघडली. तिथल्या बाहुल्या बघा: एकाच प्रकारच्या, ओळीने, शेकड्यांनी उभ्या. कचरा विखुरलेला असला की कचराच दिसतो. एकच वस्तू ओळीने मांडली की तिची नक्षी होते. म्हणून दहा तऱ्हेच्या दहा वस्तूंपेक्षा एकाच मापाचे सहा डबे निवडा, आणि बाकीचे खुशाल भंगारात द्या.

टाकायचे काय आणि ठेवायचे काय, यावरून घराघरांत सासू-सुनांची बोलाचाली होते. दोघींनी मिळून प्रत्येक वस्तूला तीनच प्रश्न विचारावेत: ही पाणी वाचवते का? सावली किंवा आधार देते का? शेवटी मातीत मिसळते का? तिन्हींना ‘नाही’ आले तर मोह नको. एकालाही ‘हो’ आले, तर तिला अंगणात जागा करून द्या. येत्या रविवारी सुरुवात माठापासूनच करा.