‘सिद्धार्थ’ : नाव सर्वांचे, अर्थ कोणाचा?

जातिव्यवस्था आता निवडणुकीपुरतीच उरली आहे, असे सांगणाऱ्यांचा एक आवडता पुरावा असतो : मुलांची नावे. पूर्वी नावावरून जात ओळखता येई. आज ‘सिद्धार्थ’ अशी हाक मारली, तर देशपांड्यांच्या घरातला मुलगा ओ देतो, पाटलांच्या वाड्यातला देतो आणि कांबळ्यांच्या वस्तीतलाही देतो. मग जात उरली कोठे, असा त्यांचा सवाल असतो. सवाल वरवर बिनतोड वाटतो. आपल्यातील काही सहकारीही त्याला भुलतात, म्हणून त्याचा समाचार घेणे अगत्याचे आहे.

प्रथम नावाचा अर्थ पाहू. ‘सिद्ध झाला आहे अर्थ ज्याचा तो सिद्धार्थ’, असा हा बहुव्रीहि समास आहे. अर्थ म्हणजे हेतू, प्रयोजन. नावांच्या पुस्तकांतून त्याचे ‘यशस्वी’ एवढेच भाषांतर उरते आणि परीक्षा, नोकरी, बढती हेच यश मानणाऱ्या मध्यमवर्गाला ते रुचतेही. परंपरेत हे नाव शाक्यकुळातल्या गौतमाचे. जैन परंपरेत महावीरांच्या पित्याचेही हेच नाव आहे. गौतमाच्या बाबतीत कथा अशी की, पुत्रजन्माने राजकुळाचे सर्व हेतू सफळ झाले, म्हणून हे नाव ठेवले गेले. अर्थात कुळाचा जो हेतू सिद्ध झाला असे मानले गेले, त्यावर त्या पुत्राने पुढे पाणी सोडले!

महाराष्ट्रात या नावाला जी प्रतिष्ठा आली, तिचे मूळ राजवाड्यात शोधून चालणार नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि १९४६ साली मुंबईत निघालेल्या तिच्या महाविद्यालयाला ‘सिद्धार्थ’ हे नाव दिले. पुढे १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात धम्मदीक्षा झाली. त्यानंतरच्या काळात ज्या घरांत सिद्धार्थ, राहुल, गौतम, आनंद ही नावे ऐकू येऊ लागली, त्या घरांत त्याआधीच्या पिढ्यांत कोणती नावे होती, हे आठवून पाहावे. कचरू, केरबा, भिकू, दगडू, धोंडू! आणि चांगले नाव ठेवलेच, तर गावाने त्याची मोडतोड करून ‘राम्या’, ‘गोंद्या’ करायचे, हा शिरस्ता होता. शिरगणतीच्या कागदात आणि गावाच्या तोंडी माणूस जन्मभर कचराच राहत असे.

हे आपोआप घडले नव्हते. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात नामकरणाचा विधी सांगितला आहे. ब्राह्मणाचे नाव मंगल असावे, क्षत्रियाचे बलदर्शक, वैश्याचे धनदर्शक आणि शूद्राचे जुगुप्सित, म्हणजे किळस यावी असे. शूद्राच्या नावाला दास्यसूचक शब्द जोडावा, असेही तेथे सांगितले आहे. मूल पाळण्यात आहे तोवरच त्याची पायरी ठरवून टाकणारी ही व्यवस्था. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जो ग्रंथ जाळण्यात आला, त्यात हेही लिहिलेले होते. म्हणून एखाद्या शेतमजुराने आपल्या मुलाचे नाव ‘सिद्धार्थ’ ठेवले, तेव्हा ती हौस नव्हती. आपल्या मुलाला किळसवाणे नाव देण्याचा हजारो वर्षांचा हुकूम त्याने धुडकावून लावला होता.

यावर कोणी म्हणेल, असली नावे सवर्णांतही होती. होती, हे खरेच. मुले जगत नसत, तेव्हा काळाची दृष्ट लागू नये म्हणून मुद्दाम हलके नाव ठेवण्याची चाल सर्व जातींत होती. महर्षी कर्वे यांचेच नाव धोंडो होते. परंतु हे उदाहरण आमच्याच बाजूने बोलते. १८९३ साली विधवेशी विवाह केला म्हणून कर्व्यांना स्वजातीचा बहिष्कार सोसावा लागला. ‘धोंडो’ या नावामुळे मात्र त्यांना कोणी पाणवठ्यावरून हाकलले नाही, शाळेच्या दाराबाहेर बसवले नाही. आडनाव आणि जात पुढे चालत होती, नाव मागून येत होते. जात वरची असली की ‘धोंडो’ अडत नाही आणि जात खालची असली की ‘सिद्धार्थ’ तारत नाही, हा या चर्चेचा मथितार्थ आहे. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, ही म्हण ज्यांच्या हाती कथिल बांधले गेले त्यांना हिणवण्यासाठी नव्हे, तर ते बांधणाऱ्यांना जाब विचारण्यासाठी वापरली पाहिजे.

हा केवळ तर्क नाही. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांचा २००७ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास पाहावा. खाजगी कंपन्यांनी वृत्तपत्रांत दिलेल्या नोकरीच्या जाहिरातींना त्यांनी अर्ज पाठविले. शिक्षण, पात्रता सारखीच. फरक एवढाच की काही अर्जांवर उच्चवर्णीय नाव, काहींवर दलित, काहींवर मुस्लिम. उच्चवर्णीय नावाच्या मानाने दलित नावाला अनुकूल उत्तर येण्याची शक्यता सुमारे दोन-तृतीयांश भरली आणि मुस्लिम नावाला सुमारे एक-तृतीयांश. अर्जदाराचा चेहरा कोणी पाहिला नव्हता; नुसते नाव वाचले होते. नावांतून जात गेली म्हणणाऱ्यांनी या आकड्यांना उत्तर द्यावे. नाव समान झाले म्हणून नजर आडनावाकडे वळली, एवढाच बदल झाला आहे. नवख्या माणसाला ‘पूर्ण नाव काय?’ असा साळसूद प्रश्न विचारला जातो, तो याचसाठी.

नाव घेण्याचा अधिकार फुकट मिळत नाही, हे मराठवाड्याइतके कोणाला ठाऊक आहे? विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव द्यावे असा ठराव राज्य विधिमंडळाने जुलै १९७८ मध्ये केला. त्यानंतर दलित वस्त्या जाळल्या गेल्या, माणसे मारली गेली. अखेर १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. एका नावासाठी साडेपंधरा वर्षे! ‘नावांचे काय एवढे, भाकरीचे बोला’ असे त्या काळी पुष्कळ पुरोगामी म्हणत होते आणि आजही म्हणतात. पण ज्यांची घरे जळली, त्यांना नाव आणि भाकरी या दोन्ही गोष्टी एकच हात हिरावून घेतो, हे पुस्तक न वाचता कळले होते.

आणि ‘सिद्धार्थ’ या नावाचा आशय तर भाकरी-पाण्याशीच जोडलेला आहे. वृद्ध, रोगी आणि प्रेत पाहून राजपुत्र विरक्त झाला, ही कथा धर्मानंद कोसंबी यांनी इतिहास म्हणून स्वीकारली नाही. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात गृहत्यागाचे कारण रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा हे दिले आहे. शाक्य आणि कोलीय यांच्यात पाण्यावरून युद्धाचा ठराव झाला. सिद्धार्थाने भर सभेत त्याला विरोध केला, तो अल्पमतात गेला. कुटुंबावर सामाजिक बहिष्कार आणि जमीन जप्तीची टांगती तलवार आली, तेव्हा त्याने परिव्रज्या पत्करली. चवदार तळ्याचा सत्याग्रह लढलेल्या नेत्याला हा सिद्धार्थ जवळचा वाटावा, यात नवल नाही. बहुमताच्या उन्मादापुढे न झुकणारा माणूस, हा या नावाचा आमच्या लेखी खरा अर्थ आहे. नावांच्या पुस्तकांत तो छापला जात नाही.

मग कार्यकर्त्यांनी करायचे काय? डिसेंबर २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. आपापल्या गावात त्याचे काय झाले, हे ग्रामसभेत विचारा. आणि पाटीबरोबर नळ, रस्ता व स्मशानाची वाटही बदलली की नाही, तेही विचारा. राज्यघटनेचे १६वे कलम सरकारी नोकरीतील समान संधीपुरते आहे. खाजगी नोकरभरतीतील जातिभेदाला शासन करणारा कायदा ही आपल्या मागणीपत्रकातील ठळक मागणी असली पाहिजे. लोहियांची ‘जाति तोडो’ची हाक आणि १९७४च्या बिहार आंदोलनात जातिसूचक आडनावे टाकणारे तरुण, हा आपलाच वारसा आहे. तो वर्धापनदिनाच्या भाषणांपुरता न ठेवता आपल्या शाखांच्या बैठकांत, सोयरिकींत आणि पंगतींत दिसू द्या.

सवर्ण घरांनी आपल्या मुलाचे नाव ‘सिद्धार्थ’ ठेवावे. त्याला आमची हरकत नाही, उलट स्वागतच आहे. परंतु त्या नावाबरोबर रोहिणीकाठचा ठरावही घरात येतो, हे त्यांनी विसरू नये. देशपांड्यांचा सिद्धार्थ आणि कांबळ्यांचा सिद्धार्थ एकाच जाहिरातीला अर्ज करतील आणि दोघांनाही सारखेच उत्तर येईल, तोपर्यंत हे नाव समासाच्या दृष्टीने शुद्ध आणि समाजाच्या दृष्टीने खोटे राहील. ते खरे करण्याचे काम पुरोहिताचे नाही, ते आपले आहे.