डोळ्यातल्या पेशी आणि दुकानातले थेंब

1812 साली पॅरिसजवळच्या कुव्रे गावात तीन वर्षांच्या एका मुलाच्या डोळ्यात वडिलांच्या खोगिराच्या कारखान्यातली आरी घुसली. इजा एकाच डोळ्याला झाली, पण पाच वर्षांचा होईतो त्याचे दोन्ही डोळे गेले. मुलाचे नाव लुई ब्रेल. दुसऱ्या डोळ्याला आरी लागलीच नव्हती, मग तो कसा गेला? आजच्या नेत्रतज्ज्ञांचा कयास असा, की फुटलेल्या डोळ्यातली प्रथिने शरीरातल्या टी-पेशींसमोर पहिल्यांदाच आली; त्यांनी ती परकी ठरवली आणि धडधाकट डोळ्यावरही चाल केली.

एरवी डोळा या पेशींपासून बराच जपलेला असतो. 1948 मध्ये पीटर मेडावर यांनी सशांच्या डोळ्यांत परक्या त्वचेचे तुकडे बसवले. रक्तवाहिन्या पोहोचल्या नाहीत तोवर ते टिकले. दृष्टिपटलाची साफसफाई मायक्रोग्लिया नावाच्या तिथल्याच प्रतिकारपेशी करतात. रेटिनायटिस पिगमेंटोसा हा दृष्टिपटलाचा आजार झालेल्या उंदरांत मात्र या पेशी जिवंत प्रकाशपेशीही गिळताना दिसल्या आहेत.

अशा प्रतिकारपेशी बिथरल्या की डोळ्याच्या मधल्या थराला सूज येते. हा युव्हिआयटिस. बाहेरून दिसतो तो फक्त लाल डोळा, आणि लाल डोळा म्हणजे ‘डोळे आले’ हे आपल्याकडे ठरलेलेच! 2023 च्या पावसाळ्यात आळंदी-पुण्याकडे साथ आली, तेव्हा तर दुसरी शंकाच कोणाला येण्याचे कारण नव्हते. पण युव्हिआयटिसच्या मुळाशी क्षयरोग असू शकतो, किंवा तरुण वयात पाठीचा कणा आखडवणारा संधिवात. म्हणून छातीचा एक्स-रे आणि ‘सकाळी कंबर धरते का?’ हा प्रश्न डोळ्यांच्या तपासणीतही हवा.

दुकानातून परस्पर आणलेल्या स्टेरॉइडच्या थेंबांनी लाली उतरते, मूळ आजार तसाच राहतो. बुबुळावर नागिणीच्या जातीच्या विषाणूची जखम असेल तर ती चिघळते. महिनोन्महिने थेंब घातले तर काचबिंदू आणि मोतीबिंदूचा धोका. चिठ्ठीशिवाय हे थेंब देणाऱ्या दुकानदारावर कारवाई व्हायलाच हवी. ग्राहकाच्या अज्ञानावर सगळे ढकलणे सोयीचे असले, तरी न्यायाचे नाही.

युव्हिआयटिससाठी अडालिमुमॅब या इंजेक्शनला अमेरिकेत 2016 मध्ये मान्यता मिळाली. त्याने प्रतिकारशक्ती दबते आणि लपलेला क्षयरोग उफाळू शकतो, म्हणून आधी क्षयरोगाची तपासणी करतात. स्टेरॉइडचे थेंबही डोळ्यातल्या प्रतिकारपेशींना दाबतात, आणि ते देताना दुकानात फार तर सुट्टे आहेत का, एवढेच विचारले जाते.