एकदा पासबुक घेऊन बसा

सत्तावीस रुपये चौदा पैसे. पासबुकात हा आकडा दिसला, तर तिथे बोट ठेवून थांबा. महिन्याचे फुकट व्यवहार संपल्यावर एटीएममधून पैसे काढले, की बँक दर खेपेला जास्तीत जास्त २३ रुपये लावू शकते आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. १ मे २०२५ पासूनचा हा दर आहे. त्याआधी ही मर्यादा २१ रुपये होती. एका वेळी पाचशे रुपये काढणाऱ्याला हा खर्च शेकडा साडेपाच रुपयांच्या घरात जातो. तेच पाचशे रुपये अडीच टक्क्यांनी बचत खात्यात वर्षभर पडून राहिले, तर व्याज मिळतं साडेबारा रुपये. दोन वर्षांच्या व्याजापेक्षा जास्त पैसे एका खेपेत गेले.

आपल्या नाशिकरोडला १९२८ पासून नोटा छापल्या जातात. त्याच गावातल्या घरांनी स्वतःच्या खात्यातली नोट हातात घेण्यासाठी महिन्याला शे-दोनशे रुपये मोजावेत, हे मला पटत नाही. दूध लिटरमागे दोन रुपयांनी महागलं की घरात आठवडाभर चर्चा होते. खात्यातून गेलेल्या या रकमेची मात्र कुणी वाच्यता करत नाही, कारण ती कुणी पाहिलेलीच नसते. म्हणून माझी विनंती आहे: या रविवारी घरातली सगळी पासबुकं भरून घ्या किंवा अ‍ॅपवर वर्षभराचं खातेपत्रक काढा, हातात पेन घ्या आणि बँकेने कापलेल्या प्रत्येक रकमेखाली रेघ मारा. यातले बरेचसे पैसे वाचवता येतात. काही तर आपण द्यायचेच नसतात.

आधी एटीएमचा नियम नीट समजून घ्या. स्वतःच्या बँकेच्या एटीएमवर महिन्याला किमान पाच व्यवहार फुकट. दुसऱ्या बँकेच्या एटीएमवर महानगरात तीन आणि इतरत्र पाच. या हिशोबात महानगरं सहाच आहेत: मुंबई, नवी दिल्ली, कोलकाता, चेन्नई, बेंगळुरू आणि हैदराबाद. नाशिक त्यात नाही, पुणेही नाही. मशीन कुठे उभं आहे यावर हे ठरतं. पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला जाऊन कामं उरकणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. खर्चाला लागतील तेवढे पैसे नाशिकहूनच घेऊन निघालेलं बरं.

या पाचांत फक्त पैसे काढणं मोजत नाहीत. शिल्लक पाहणं आणि छोटं खातेपत्रक काढणं हेही त्यात धरतात. पुष्कळ लोक, विशेषतः पेन्शनवर असलेले काका-मावशी, आधी शिल्लक बघतात आणि मग पैसे काढतात. त्यांच्या एका फेरीचे दोन व्यवहार होतात आणि पाचाची मर्यादा तिसऱ्याच फेरीत ओलांडली जाते. शिल्लक फोनवरून कळते. बहुतेक बँकांनी त्यासाठी मिस्ड कॉलचा नंबर दिलेला आहे, साध्या फोनवरूनही तो चालतो. मुलांनी, सुनांनी, नातवंडांनी तो नंबर मोठ्यांच्या फोनमध्ये भरून द्यावा आणि एकदा लावून दाखवावा. दहा मिनिटांचं काम आहे.

खात्यात आहेत त्यापेक्षा जास्त पैसे मागितले आणि मशीनने नाही म्हटलं, तर त्याचाही दंड बऱ्याच बँका लावतात. वीस-पंचवीस रुपये आणि वर जीएसटी. हातात एक रुपया येत नाही आणि खात्यातून कापले जातात. मला हा सगळ्यात क्रूर दंड वाटतो, कारण तो नेमका ज्याच्या खात्यात कमी आहे त्यालाच बसतो. पण मशीनमध्ये रोकड नसेल, यंत्र बिघडलेलं असेल, लाइन गेली असेल किंवा पिन चुकला असेल, तर तो व्यवहार मोजायचा नाही, असं रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०१९ मध्येच स्पष्ट सांगितलं आहे. तसा मोजला असेल तर पैसे परत मागा.

खात्यातून पैसे वजा झाले पण मशीनमधून नोटा आल्याच नाहीत, असंही होतं. व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत बँकेने ती रक्कम आपणहून परत जमा करायला हवी. त्यापुढच्या प्रत्येक दिवसासाठी बँक तुम्हाला १०० रुपये देणं लागते, तेही तुम्ही मागण्याची वाट न पाहता. सप्टेंबर २०१९ चं हे परिपत्रक आहे. पैसे उशिरा जमा झाले म्हणून लोक सुटकेचा नि:श्वास टाकतात आणि भरपाईचं विसरून जातात. विसरू नका. मशीनची चिठ्ठी निघाली असेल तर जपून ठेवा, नसेल तर तारीख, वेळ आणि ठिकाण लिहून ठेवा.

घरखर्चाची सोय अशी लावता येते. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत पगार सात तारखेच्या आसपास होतो. त्या दिवशी बसून ठरवा, की रोखीने काय काय द्यायचं आहे: भाजी, रिक्षा, कामाच्या मावशी, देवळातलं, लग्नाचा अहेर. तेवढे पैसे महिन्यातून दोनदा, आपल्याच बँकेच्या मशीनमधून काढा. नवरा-बायकोची वेगळी खाती असतील तर दोघांचे व्यवहार वेगळे मोजतात, त्याचाही उपयोग करून घ्या. बाकीचं यूपीआयवर द्या, त्यासाठी तुम्हाला काही पडत नाही.

आता दुकानाकडे. मेनरोडला खरेदी झाली, कार्ड पुढे केलं आणि गल्ल्यावरून आवाज आला, "कार्डावर दोन टक्के जास्त पडतील." पंधरा हजारांच्या खरेदीवर हे तीनशे रुपये झाले. इथे भांडायची गरज नाही, पण माहिती हवी. कार्डाच्या व्यवहारामागे दुकानदाराला बँकेला काही टक्के द्यावे लागतात, हे खरं आहे. पण रुपे डेबिट कार्ड आणि यूपीआय यांच्यावर १ जानेवारी २०२० पासून दुकानदारालाही शून्य आकार आहे. इतर डेबिट कार्डांवर तो वर्षाला वीस लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या छोट्या दुकानाला फार तर ०.४० टक्के आणि मोठ्याला ०.९० टक्के पडतो. आणि डेबिट कार्डावरचा हा आकार गिऱ्हाइकाच्या माथी मारू द्यायचा नाही, हे बँकांना रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०१७ मध्ये बजावलेलं आहे. तेव्हा डेबिट कार्डावर दोन टक्के मागितले तर शांतपणे म्हणा, "भाऊ, रुपेचं डेबिट कार्ड आहे, त्यावर तुम्हालाही काही लागत नाही." बहुतेक दुकानदार ऐकतात. क्रेडिट कार्डावर मात्र त्यांना खरोखर जास्त द्यावे लागतात आणि त्यावर अशी मर्यादा नाही. तिथे कार्ड खिशात ठेवून यूपीआयने दिलेलं उत्तम.

वीजबिलाचंही तसंच. महावितरणचं बिल ऑनलाइन भरलं तर ०.२५ टक्के सवलत मिळते. रेल्वेचं तिकीट आयआरसीटीसीवर काढताना यूपीआयने पैसे दिले तर बिगर-वातानुकूलित डब्यासाठी सुविधा शुल्क १० रुपये आणि वातानुकूलितसाठी २० रुपये असतं; कार्डाने दिले तर तेच १५ आणि ३० होतं. वर जीएसटी. पेट्रोल पंपावर क्रेडिट कार्ड वापरणाऱ्यांनी आपल्या कार्डाच्या अटी बघाव्यात. एक टक्का अधिभार लागतो आणि तो ठरावीक रकमेच्या आतबाहेर परत मिळतो किंवा मिळत नाही. शंभर-दोनशेचं पेट्रोल स्कूटरमध्ये टाकताना तो बहुधा परत मिळत नाही.

क्रेडिट कार्डाबद्दल एक गोष्ट मी हात जोडून सांगतो. त्याने एटीएममधून रोख काढू नका. दवाखान्याची घाई असते, शाळेची फी असते, त्या दिवशी ते कार्ड देवासारखं वाटतं. हिशोब मात्र असा असतो. दहा हजार काढले. बऱ्याच बँकांचं रोख काढण्याचं शुल्क अडीच टक्के, पण किमान ५०० रुपये. त्यावर जीएसटी ९० रुपये. खरेदीला मिळणारी बिनव्याजी मुदत रोख रकमेला नसते, व्याज त्याच दिवसापासून सुरू होतं. महिना साडेतीन टक्क्यांनी ३५० रुपये, त्यावरचा जीएसटी ६३. एका महिन्यात दहा हजारांवर १,००३ रुपये गेले. गावातल्या सावकाराला आपण नावं ठेवतो, त्याच्या दराशी हा दर एकदा ताडून पाहा. अडीअडचणीला पतसंस्थेचं कर्ज, सोन्यावरचं कर्ज, मुदत ठेवीवरची उचल, कामाच्या ठिकाणची उचल, यातलं काहीही याहून स्वस्त पडतं.

बिलावर छापलेल्या "किमान देय रक्कम" या शब्दांनी कितीतरी घरं बुडवली आहेत. तेवढीच भरली तर दंड टळतो, पण उरलेल्या रकमेवर व्याज चालू होतं आणि पुढच्या खरेदीचीही बिनव्याजी मुदत जाते. साडेतीन टक्के महिना म्हणजे वर्षाला बेचाळीस. या व्याजावर ३० टक्क्यांची मर्यादा राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये घातली होती. सर्वोच्च न्यायालयाने ती डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केली. कायद्याची ती भिंत आता नाही. पूर्ण बिल भरता येत नसेल तर कार्ड कपाटात ठेवा आणि थकलेली रक्कम फिटेपर्यंत बाहेर काढू नका.

नको असलेली कार्डं हाही एक खर्च आहे. जुन्या कंपनीचं पगाराचं खाते, सोसायटीच्या कर्जासाठी उघडलेलं खाते, मुलीच्या शिष्यवृत्तीसाठीचं खाते, प्रत्येकाला एक डेबिट कार्ड आणि प्रत्येकाची वार्षिक वर्गणी. दोनशे रुपयांची वर्गणी असेल तर जीएसटीसह २३६ रुपये. घरात अशी चार कार्डं असली तर वर्षाला हजाराच्या जवळ. पगार येणं थांबलं की ते खाते साधं बचत खाते होतं आणि किमान शिल्लक नसल्याचा दंडही सुरू होऊ शकतो. लागत नाहीत ती खाती शाखेत जाऊन बंद करा. क्रेडिट कार्ड बंद करण्याचा अर्ज दिला आणि काही देणं बाकी नसेल, तर बँकेने सात कामकाजाच्या दिवसांत ते बंद करायचं असतं. नाही केलं तर पुढच्या प्रत्येक दिवसासाठी ५०० रुपये ती तुम्हाला देणं लागते. कमी उत्पन्न असलेल्यांनी मूलभूत बचत खात्याची चौकशी जरूर करावी. त्याला किमान शिल्लक लागत नाही, कार्डाची वर्गणी नाही आणि महिन्याला किमान चार वेळा पैसे काढणं फुकट असतं. शाखेत आपणहून कुणी त्याचं नाव काढेलच असं नाही, तुम्ही नाव घेऊन मागा.

हप्त्यांच्या तारखाही बघून घ्या. पगार सातला आणि गाडीचा हप्ता पाचला असेल, तर दर महिन्याला जीव टांगणीला. हप्ता परत गेला की आपली बँकही दंड लावते आणि कर्ज देणारी संस्थाही. मिळून पाचशे-हजार सहज जातात. कर्ज देणाऱ्याकडे अर्ज करून तारीख पुढे घेता येते का विचारा. पुष्कळदा घेता येते.

रेघा मारून झाल्या, की ज्या रकमेचा उलगडा होत नाही ती घेऊन शाखेत जा. तोंडी विचारून परत येऊ नका. साध्या कागदावर मराठीत लिहा: खाते क्रमांक, तारीख, कापलेली रक्कम आणि "ही कोणत्या नियमाने कापली ते लेखी कळवावे". तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. तिला फी नाही, वकील लागत नाही, ऑनलाइन जमत नसेल तर चंडीगडच्या केंद्राला पत्रही चालतं. माहितीसाठी १४४४८ हा नंबर आहे. शाखेत अर्ज देताना मात्र त्याच्या दोन प्रती न्या आणि आपल्याकडच्या प्रतीवर तारखेसह शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.