ब्रेक लाइटचा दोष: आधी मोजमाप, मग सुटे भाग

जुन्या मोटारीचा ब्रेक लाइट मंदावला की संशय आधी बल्बवर जातो, मग स्विचवर. दोष मात्र पुष्कळदा सांध्यांत असतो. कावेरी आणि अरसलार या नद्यांच्या मध्ये वसलेल्या कुंभकोणमची हवा एरवीही दमट. त्यात ऑक्टोबर ते डिसेंबर ईशान्य मोसमी पाऊस. होल्डरच्या पितळी पट्ट्यांवर हिरवट थर चढतो, अर्थिंगच्या स्क्रूखालचा पत्रा गंजतो. अँबेसेडर, प्रीमियर पद्मिनी किंवा मद्रासमध्ये बनलेली स्टँडर्ड हेरल्ड दुरुस्तीला आली, तर तपास इथूनच सुरू व्हायला हवा.

वीज बॅटरीकडून फ्यूजमार्गे ब्रेक स्विचला, तिथून बल्बला जाते आणि बॉडीतून परतते. लुकास पद्धतीच्या वायरिंगमध्ये फ्यूजनंतरची वायर हिरवी, स्विचपासून ब्रेक लाइटपर्यंतची हिरवी-जांभळी, तर अर्थिंगची काळी असते. काही जुन्या गाड्यांत पॉझिटिव्ह अर्थिंग असते, म्हणून मीटर लावण्यापूर्वी बॅटरीची जोडणी पाहून घ्यावी.

21 वॉटचे दोन बल्ब 12 व्होल्टवर साडेतीन अँपिअर घेतात. त्यांच्या सामाईक वाटेत अर्धा ओहम रोध आला, तरी सुमारे दीड व्होल्ट तिथेच खर्ची पडतो आणि उजेड एक तृतीयांशाहून अधिक घटतो. बल्ब काढून मोजल्यास प्रवाहच नसतो. त्यामुळे मीटर पूर्ण 12 व्होल्ट दाखवतो आणि दोष लपतो. म्हणून मोजणी बल्ब जागेवर ठेवून, ब्रेक दाबूनच करावी. होल्डरची बॉडी आणि बॅटरीचे अर्थिंगकडचे टर्मिनल यांत 0.2 व्होल्टहून जास्त फरक आला, तर अर्थिंग घासून साफ करावे. ब्रेक दाबताच टेललाइट मंदावणे किंवा इंडिकेटर मिणमिणणे, हीदेखील खराब अर्थिंगचीच खूण.

दोन्ही दिवे बंद असतील तर फ्यूज पाहून स्विचच्या दोन वायरी एकमेकींना जोडाव्यात. दिवे लागले तर दोष स्विचचा. बऱ्याच जुन्या गाड्यांत हा स्विच ब्रेक ऑइलच्या दाबावर चालतो. तो बदलल्यावर लाइनमधली हवा काढणे आणि गळती तपासणे अनिवार्य आहे. पाय उचलल्यावरही दिवे जळत राहिले, तर स्विच अडकला आहे की लाइनमध्ये दाब उरतो आहे, हे ठरवावे. दाब उरत असेल तर ब्रेकही धरून राहतात. तेव्हा पेडलची मोकळी चाल आणि मास्टर सिलिंडर तपासावा लागतो.

फ्यूज वारंवार उडत असेल तर डिकीतून जाणारी वायर पत्र्याला घासते का, रबरी ग्रोमेट शाबूत आहे का, ते पाहावे. जास्त अँपिअरचा फ्यूज घालणे म्हणजे वायर जाळण्याची सोय करणे. ते कोणत्याही गॅरेजमध्ये होऊ नये.

दुरुस्तीनंतर टेललाइट, इंडिकेटर आणि ब्रेक एकाच वेळी चालू करून पुन्हा मोजणी घ्यावी. ती बरोबर आली, तरच काम पूर्ण झाले असे मानावे.