पंच कोणी नेमावा?

कुस्तीच्या फडात दोन्ही मल्लांनी आपसांत बसून पंच नेमला, कोणते डाव चालतील व कोणते चालणार नाहीत हेही त्यांनीच ठरविले, आणि भोवतालच्या लोकांनी केवळ टाळ्या वाजवाव्या असा ठराव केला, तर अशा लढतीस आमच्या इकडील लहान पोरही नुरा कुस्तीच म्हणेल. निवडणुकीच्या उमेदवारांस एका व्यासपीठावर आणून मतदारांसमक्ष वाद करावयास लावणारे पक्षनिरपेक्ष मंडळ असावे ही सूचना आम्हांस मनापासून मान्य आहे. परंतु असे मंडळ स्थापन करणारांनी पहिला विचार करावयाचा तो ह्या पंचाचाच होय.

आपल्याकडे प्रयत्न झालाच नाही असे नाही. मे 2024 मध्ये माजी न्यायमूर्ती मदन लोकूर व अजित शहा आणि ज्येष्ठ संपादक एन. राम ह्या तिघांनी नरेंद्र मोदी व राहुल गांधी ह्यांस जाहीर वादाचे निमंत्रण दिले. गांधींनी होकार कळविला, भाजपने आपल्या युवा शाखेतील एका पदाधिकाऱ्याचे नाव पुढे केले, आणि वाद झालाच नाही. ह्यात दोष कोणाचा हे ज्याने त्याने आपल्या पक्षानुरूप ठरवावे. आम्हांस निराळेच दिसते. पत्र निघाले तेव्हा सातांपैकी तीन टप्प्यांचे मतदान उरकले होते. निमंत्रण देणारे थोर होते, परंतु त्यांच्यामागे मंडळ नव्हते, नियम नव्हते, आधी जाहीर झालेली तारीख नव्हती. लग्नाच्या वरातीस कोणी वाटेत थांबवून पत्रिका पाहू म्हणाला तर ती थांबेल काय?

अमेरिकेतील अनुभव ह्याहून जुना व अधिक बोधप्रद आहे. 1960 साली केनेडी व निक्सन ह्यांचे वाद झाले, परंतु त्यासाठी सर्व उमेदवारांस प्रसारणात समान संधी देणारे कायद्याचे कलम तेथील काँग्रेसला तात्पुरते बाजूस ठेवावे लागले. पुढे सोळा वर्षे अध्यक्षीय उमेदवारांचा वाद झाला नाही. 1975 साली तेथील दळणवळण आयोगाने असा अर्थ लावला की, त्रयस्थ संस्थेने वाद भरविला व वाहिन्यांनी तो बातमी म्हणून दाखविला, तर ते बंधन लागू होत नाही. तेव्हा लीग ऑफ विमेन व्होटर्स ही संस्था पुढे आली व 1976, 1980 आणि 1984 साली तिने वाद भरविले. (1976 च्या पहिल्याच वादात ध्वनियंत्रणा बिघडून फोर्ड व कार्टर 27 मिनिटे मुकाट उभे होते. पुढाऱ्यांस गप्प ठेवण्याचा इतका खात्रीचा उपाय पुन्हा सापडलेला नाही.) परंतु प्रश्न कोणी विचारावे, सभागृहात कोणी बसावे, हे सर्व 1988 साली दोन्ही उमेदवारांच्या माणसांनी आपसांत लिहून ठरविले, व लीगने मतदारांच्या फसवणुकीत आपण भागीदार होणार नाही असे सांगून अंग काढून घेतले. तिची जागा घेणारा आयोग 1987 साली दोन्ही मोठ्या पक्षांच्या अध्यक्षांनीच स्थापिलेला होता. त्याने 1992 साली तिसरे उमेदवार रॉस पेरो ह्यांस बोलाविले, 1996 साली वगळले, आणि 2000 सालापासून चाचण्यांत 15 टक्के पाठिंब्याची अट घातली. अखेर 2024 साली दोन्ही पक्षांच्या उमेदवारांनी त्या आयोगालाच डावलून परभारे वाहिन्यांशी बोलणे केले.

तेव्हा आमच्याकडील मंडळात दोन्ही बाजूंची माणसे समसमान घेतली म्हणजे निःपक्षपातीपणा साधला, ही समजूत प्रथम टाकून द्यावी. दोन पक्षपातांची बेरीज शून्य होत नाही, आणि तिसऱ्याचा तर त्यात बळीच जातो. आरंभही दिल्लीहून नको. महाराष्ट्रात विधानसभेचे 288 मतदारसंघ आहेत. त्यांपैकी एकात, गावच्या वाचनालयाच्या सभागृहात, शिक्षक, वकील, डॉक्टर, शेतकरी अशा पक्षाबाहेरच्या दहा-बारा मंडळींनी हे काम हाती घ्यावे. कायदा आड येत नाही. 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याप्रमाणे अर्ज मागे घेण्याच्या अखेरच्या दिवसापासून मतदानापर्यंत निदान चौदा दिवस मिळतात. अखेरच्या 48 तासांत सभा भरविता येत नाही, ते वजा केले तरी सुमारे बारा संध्याकाळी हाती राहतात. उमेदवार वीस असले तर चिठ्ठ्या टाकून चार-चार जणांस एकेका संध्याकाळी बोलवावे, टक्केवारीची चाळणी लावू नये. विधानसभेच्या उमेदवारास महाराष्ट्रात 40 लाखांपर्यंत खर्चाची मुभा आहे, परंतु ज्याच्यापाशी 40 हजारही नाहीत त्यास सर्वांबरोबर सारखाच वेळ मिळेल अशी दुसरी जागा आम्हांस तरी दिसत नाही. आणि सभा उधळून लावणारांकरिता त्याच कायद्याचे 127 वे कलम आहेच.

कोणी म्हणेल, निवडून येण्याची खात्री असलेला उमेदवार येईलच कशाला? कदाचित येणार नाही. 1980 साली बॉल्टिमोरच्या वादास खुद्द राष्ट्राध्यक्ष कार्टर गेले नाहीत, तरी लीगने तो वाद रेगन व अँडरसन ह्यांच्यात भरविलाच. मंडळाने तारीख व नियम निवडणूक जाहीर होण्यापूर्वीच छापावे, निमंत्रणाचे उत्तर लेखी मागावे, ते जसेच्या तसे प्रसिद्ध करावे, आणि न येणाऱ्याची खुर्ची नावासह तशीच मांडून ठेवावी. प्रश्न मतदारांकडून आलेले असावे व ते उमेदवारांस आधी दाखवू नयेत. खर्चास उमेदवाराचा, पक्षाचा किंवा ठेकेदाराचा पैसा घेऊ नये.

1875 साली रानड्यांनी पुण्यास वसंत व्याख्यानमाला सुरू केली तेव्हा लोकांनी शांतपणे बसून ऐकण्याची सवय लावून घेतली. उलट प्रश्न विचारण्याची सवय लावणे अद्याप राहिले आहे. विधानसभेची पुढील निवडणूक नियमाप्रमाणे 2029 साली यावयाची आहे. ज्या गावची मंडळी तोपर्यंत असे मंडळ उभे करतील त्यांनी आपली नियमावली आमच्याकडे पाठवावी. ती आम्ही ह्याच जागी छापू, आणि तीत पंच मल्लांनी नेमलेला दिसला तर तेही सांगू.