प्रेरणेचें थोतांड

आमच्या सुशिक्षित वर्गांत अलीकडे एक नवें दैवत प्रस्थापित झालें आहे. त्याचें नांव ‘प्रेरणा’. व्यायाम कां होत नाहीं? प्रेरणा मिळत नाहीं. रात्रींचें जागरण कां सुटत नाहीं? प्रेरणा नाहीं. हें दैवत प्रसन्न व्हावें म्हणून व्याख्यानें ऐकावयाचीं, पुस्तकें विकत घ्यावयाचीं, आणि तें प्रसन्न होईपर्यंत खुर्ची सोडावयाची नाहीं, असा या उपासनेचा विधि आहे. आमचें स्पष्ट मत असें कीं, आरोग्याच्या बाबतींत प्रेरणेची वाट पाहणें हें आळसाला दिलेलें संस्कृत नांव होय.

विषय थट्टेचा नाहीं. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या, २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणीनें देशांत सुमारें १० कोटी १० लक्ष मधुमेही असल्याचा अंदाज केला आहे. हा रोग परक्याच्या घरचा राहिलेला नाहीं. तो आपल्या दिवाणखान्यांत पाय पसरून बसला आहे.

वसईचेंच उदाहरण घ्या. येथील जुन्या वाडीवाल्यास कोणी प्रेरणा दिली नव्हती. केळींना पाणी द्यावयाचें, पानवेलींची निगा राखावयाची, भाजीच्या पाट्या डोक्यावर घेऊन बाजार गांठावयाचा; त्याचा आणि त्याच्या घरधनिणीचा दिवसच व्यायामानें भरलेला होता. १८६७ सालीं विरारहून मुंबईकडे गाडी धावूं लागली, १९३६ सालीं ती विजेवर चालूं लागली, आणि कालांतरानें कित्येक वाड्यांच्या जागीं इमारती उभ्या राहिल्या. आजचा विरारकर चर्चगेटपर्यंतचे ६० किलोमीटर जातां-येतां गर्दींत चेंगरतो, दिवसभर टेबलाशीं बसतो, आणि स्टेशनावर उतरतांच रिक्षा शोधतो. त्याचें मन वाडीवाल्याहून दुबळें नाहीं. त्याच्या दिवसाची घडण निराळी आहे. रोग घडणींत असतां मनाला काढे पाजणारे वैद्य काय कामाचे?

याविषयीं लंडनची साक्ष बोलकी आहे. जेरी मॉरिस या संशोधकानें १९५३ सालीं तेथील बसवरील नोकरांची पाहणी प्रसिद्ध केली. एकाच गाडीवर दोघे. चालक दिवसभर बसलेला, आणि कंडक्टर दुमजली बसचा जिना अखंड चढणारा-उतरणारा. हृदयविकाराचें प्रमाण चालकांत अधिक आढळलें. चालक नोकरीस लागतांनाच अधिक स्थूल होते काय, अशी शंका पुढें निघाली हें खरें. तथापि बैठ्या जीवनाचा धोका नंतरच्या संशोधनानें दृढच केला. आतां, त्या कंडक्टरला कोणत्या व्याख्यात्यानें स्फुरण दिलें होतें? जिना त्याच्या कामांत होता, एवढेंच.

आमच्या महाराष्ट्रांतहि हें कोणी ओळखलें नव्हतें असें नाहीं. औंधचे अधिपति भवानराव पंतप्रतिनिधि यांनीं आपल्या संस्थानाच्या शाळांत सूर्यनमस्कार रोजच्या क्रमांत आणले. प्रत्येक मुलाला उत्साह येण्याची वाट पाहिली नाहीं. यावर कोणी म्हणेल, ती राजाज्ञा होती. आज ती कोण मानील? मान्य. परंतु राजा गेला म्हणून नियमहि गेला काय? कुटुंबाला आपला नियम करतां येतो. चंचल मनावर आपल्या परंपरेनें अभ्यास हा उपाय सांगितला आहे. आणि अभ्यास म्हणजे मन नको म्हणत असतांहि ठरल्या वेळीं केलेली कृति.

‘वेळ कोठें आहे?’ हा आक्षेप मात्र आम्ही झिडकारीत नाहीं. पहाटेची गाडी धरणाऱ्यास व्यायामशाळेचा उपदेश करणें हा निर्दयपणा आहे. परंतु जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठीं आठवड्यास निदान १५० मिनिटांचा मध्यम श्रम सांगते. म्हणजे रोजचीं सुमारें २२ मिनिटें. ज्यांचें घर स्टेशनापासून फार दूर नाहीं, त्यांचा हा हिशेब भरभर चालत जातां-येतांच बहुतेक पुरा होतो.

मात्र चालावयाचें कोठून? पदपथ जेथें तुटतो किंवा वाहनांनीं अडतो, तेथें पायीं चालणें हें आरोग्य नसून साहस ठरतें. वसई-विरार महानगरपालिका २००९ सालीं स्थापन झाली, आणि २०११ पासून शहरांत महापौर मॅरेथॉन होऊं लागली. तिचें कौतुक आम्हीहि करतों. परंतु वर्षांतून एक दिवस रस्ता धावणाऱ्यांचा होऊं शकतो, तर उरलेले दिवस तो चालणाऱ्यांचा कां होऊं नये? सलग पदपथ, सुरक्षित ओलांडणी, मुलांना खेळावयास मोकळें मैदान या मागण्या प्रेरणेच्या नव्हेत. त्या नागरिकांच्या हक्काच्या आहेत, आणि मतें मागावयास येणाऱ्यांपुढें त्याच ठेवल्या पाहिजेत.

पदपथ होईपर्यंत बसून राहावें काय? मुळींच नाहीं; तीहि प्रेरणेची वाट पाहण्याचीच दुसरी तऱ्हा झाली. जेथें वाट बरी आहे तेथून उद्यां पायीं घरीं यावें. इच्छा नसली तरी यावें, आणि परवांहि यावें. गोडी ही कृतीच्या मागून येते. तिला पुढें चालावयास सांगणाऱ्यांची घरें भरलीं असतील, ऐकणाऱ्यांचीं शरीरें सुधारलेलीं आमच्या पाहण्यांत नाहींत.