आमच्या दारातला समुद्राचा रस्ता

अर्धापूरवरून जो राष्ट्रीय महामार्ग जातो, त्याला आम्ही नागपूरचा रस्ता म्हणतो. कोकणातली माणसे त्याच वाटेला ‘मिऱ्या-नागपूर’ म्हणतात. मिऱ्या म्हणजे रत्नागिरीला समुद्रात घुसलेला डोंगर. नांदेड, लोहा, अहमदपूर, लातूर, औसा, तुळजापूर, सोलापूर, मिरज, कोल्हापूर असे करत सहाशेएक किलोमीटरवर ही वाट लाटांपाशी थांबते. आमच्या केळीच्या मळ्यांना चाटून जाणाऱ्या रस्त्याचे दुसरे टोक खाऱ्या पाण्यात आहे, हे आमच्याकडे फार थोड्यांच्या ध्यानात असते.

मार्च २०२५ मध्ये आम्ही चौघे मित्र ह्या रस्त्याने निघालो. बँकेतल्या माणसाचा मार्च ताळेबंदात जातो, त्यामुळे मार्चमध्ये हिंडणे हीच निवृत्तीची खरी चैन! बरोबर एक वकील, एक माळकरी निवृत्त मुख्याध्यापक आणि एक केळीचा बागायतदार. गाडी बागायतदाराची. त्याच्याच शिवारावरून नकाशात ‘शक्तिपीठ’ महामार्गाची रेघ ओढलेली.

ही रेघ मूळ आखणीप्रमाणे वर्ध्याजवळच्या पवनारहून निघून बारा जिल्ह्यांतून ८०२ किलोमीटरवर गोव्याच्या हद्दीत, पत्रादेवीला, पोचते. नागपूर ते गोवा हा अठरा तासांचा प्रवास आठ तासांवर येईल, असे सांगितले जाते. जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने भूसंपादनासाठी वीस हजार कोटींहून अधिक रकमेला मान्यता दिली. पुढे आखणी बदलण्याच्या घोषणाही झाल्या. कोल्हापूरकरांप्रमाणे आमच्या तालुक्यातल्या शेतकऱ्यांनीही विरोध केला आहे. मी त्यांच्या बाजूचा आहे, आणि त्याची निम्मी कारणे मला ह्या सहलीत सापडली.

पहिले कारण जेवणाचे आहे. हसू नका. सोलापूरच्या अलीकडे एका टपरीवजा खानावळीत कडक भाकरी आणि शेंगाची चटणी खाताना मालकाने आमच्याकडच्या पावसापाण्याची चौकशी केली. रत्नागिरीत थिबा राजाचा वाडा पाहून खाली मालवणला उतरलो, तर एका घरगुती खानावळीतल्या काकूंनी दारातच विचारले, “खंयसून इलास?” अर्धापूर कुठे ते त्यांना समजेना. तुळजापूरच्याही पलीकडे, म्हटल्यावर त्यांनी हात जोडले. आम्ही तिघे बांगड्यावर तुटून पडलो. माळकरी मित्रासाठी काकूंनी काळ्या वाटाण्याची उसळ आणि आंबोळ्या केल्या आणि पैसे घेताना त्यांच्या ताटाचे निम्मेच लावले. “त्यांनी जेवलांच काय?” हे वर.

पत्रादेवीच्या स्मारकापाशी थांबलो. १५ ऑगस्ट १९५५ रोजी गोवा मुक्तीसाठी हद्द ओलांडणाऱ्या सत्याग्रहींवर पोर्तुगिजांनी इथे गोळ्या झाडल्या. आमचा मराठवाडा मोकळा झाला १७ सप्टेंबर १९४८ ला, गोवा १९ डिसेंबर १९६१ ला. उशिरा सुटलेले हे दोन मुलूख जोडणारा रस्ता होतो आहे, ह्याचे खरे तर मला अप्रूप वाटायला हवे होते.

तिथून जवळच पेडणे तालुक्यातल्या एका गावात तावेर्न दिसले. गोव्यातले खेड्यातले तावेर्न म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे येतो तसा गुत्ता नव्हे. घराचीच पुढची खोली, दोन बाकडी, फळीवर बाटल्या, भिंतीला देवाची तसबीर. काजूचा हंगाम होता. बोंडांचा रस आंबवून पहिल्या धारेला निघते ती हुर्राक. ती पुन्हा भट्टीवर चढवली की फेणी. काजूच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. मुख्याध्यापक ओट्यावर कोकम सरबत घेऊन बसले. मालक गिऱ्हाईक सोडून त्यांच्याशीच बोलत बसला. मोपाच्या पठारावरचे त्याला आठवत होते ते काजू आणि गुरे. आता तिथे विमानतळ आहे. “वरून विमानां वयतात, पुण हांगा कोण देंवना,” तो म्हणाला. वरून विमाने जातात, इथे कुणी उतरत नाही. हा विमानतळ आणि समृद्धी महामार्गाचा पहिला टप्पा, दोन्हींचे उद्घाटन एकाच दिवशी झाले होते, ११ डिसेंबर २०२२ ला.

कुंपण घातलेल्या बंदिस्त महामार्गावर असल्या माणसाची गाठ पडत नाही. समृद्धीवरून मी गेलो आहे. वेळ वाचला, हे कबूल. मात्र वाटेतले एकही गाव आठवत नाही.

वकिलाला हे सगळे हळवेपण वाटते. प्रगतीला रस्ते लागतातच, हे त्याचे पालुपद. लागतात ना! नांदेडचा रस्ता चौपदरी झाला तेव्हा आम्हीच पेढे वाटले. पण माहूर, तुळजापूर आणि कोल्हापूर ह्या तिन्ही देवींना जाणारी माणसे आजही ह्याच रस्त्याने किंवा त्याच्या फाट्याने जातात. हाताशी असलेल्या रस्त्याशेजारी दुसरा, तोही ओलिताच्या जमिनीतून, कशासाठी?

जमिनीच्या मोबदल्याचे पैसे मी बँकेच्या टेबलावरून जाताना पाहिले आहेत. पहिल्या वर्षी मुदत ठेव. दुसऱ्या वर्षी ती मोडून घराचा स्लॅब आणि जीप. चार-पाच वर्षांनी तोच माणूस कर्ज मागायला समोर बसतो आणि तारण काय, ह्या प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर नसते. काहींनी शहाणपणाने दुसरीकडे जमीन घेतली, हेही खरे. पण इसापूर धरणाच्या कालव्याखालची काळी जमीन पैसे मोजून दुसरीकडे मिळत नाही. आणि मधून रस्ता गेला की उरलेल्या दोन तुकड्यांत पाइपलाइन कुठून न्यायची, हा हिशेब मोबदल्याच्या तक्त्यात बसत नाही.

आम्ही गेलो तेव्हा आंबा घाटाच्या अंगाचे चौपदरीकरण अर्धवट होते. खोदलेल्या कडेला गाड्या खोळंबलेल्या. ते आधी पुरे करा. वाटेवरच्या गावांतून बायकांसाठी धड स्वच्छतागृहे बांधा, म्हणजे आमच्या घरच्या मंडळीही समुद्र पाहायला निघतील.

बागायतदार मित्राने परतल्यावर जूनमध्ये त्या रेघेखालच्या तुकड्यातही केळीच लावली. रोपे त्याने रोख पैसे देऊन आणली, कर्ज काढले नाही.